काळ्या बंपरची टॉप गाडी

लग्नाच्या पंगतीत, आपल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे, माझ्या तोंडात कापूस कोंबलेला असताना, मला एकच प्रश्न विचारला गेला आहे : "साळवेबाई, छोटी गाडी घ्यायची म्हणतोय. मधली घेऊ की टॉप?" नोकरी सुटून बरीच वर्षं झाली. मी ज्या गाड्या विकल्या त्या आता भंगारात गेल्या असतील. पण प्रश्न काही बदलत नाही. विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, हेही बदलत नाही. त्याला ते फक्त माझ्या तोंडून ऐकायचं असतं, म्हणजे पुढे घरी भांडण झालं तर माझं नाव सांगता येतं.

मी गाझियाबादच्या एका शोरूममध्ये छोट्या पेट्रोल गाड्या विकायचे. नव्या कंपन्या येण्याचे आणि नव्या वसाहती उठण्याचे ते दिवस. काल जिथं गव्हाचं शेत होतं तिथं आज सेक्टर, उद्या त्या सेक्टरात राहायला आलेली माणसं, आणि त्या माणसांना कामावर न्यायला बस म्हणून नाही. गाड्या विकणाऱ्याला याहून चांगले दिवस कुठले यायला? मी मूळची नगरची, ख्रिस्ती. यजमान रेल्वेच्या हिशेब खात्यात, म्हणून दिल्लीकडे आलो आणि इथलेच झालो. शोरूममध्ये मी एकटीच बाई. नवरे गाडी बघत असताना बायका कंटाळून "चला घरी" म्हणू नयेत, त्यांच्याशी कुणीतरी गप्पा माराव्यात, म्हणून मालक चड्ढाजींनी मला ठेवलं होतं. हळूहळू गप्पा बाजूला पडल्या आणि मी गाड्याच विकू लागले.

नव्या गाडीची पूजाही माझ्याकडेच असायची. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, समोर नारळ. मी दर रविवारी चर्चला जाते हे चड्ढाजींना चांगलं ठाऊक होतं. पण त्यांचं म्हणणं, "मैडम, नारियल तो आप ही फोड़ो. आपके हाथ से एक बार में फूटता है." पंडितजी मंत्र म्हणायचे, नारळ मी फोडायचे. कुठल्याच देवानं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

आता धंद्याविषयी थोडं. एकाच गाडीचे तीन प्रकार निघतात. इंजिन तेच, पत्रा तोच, चाकं चारच. सगळ्यात खालची ती बेस. हिला एसी नाही, आरसा फक्त ड्रायव्हरच्या बाजूला आणि सीटवर रेक्झिन, उन्हाळ्यात पाठीला चिकटणारं. मधलीला एसी, दोन्ही बाजूंना आरसे, सीटवर कापड. टॉपला याच्या वर पॉवर स्टिअरिंग, मागच्या काचेला वायपर, डॅशबोर्डवर हिरव्या आकड्यांचं घड्याळ, आणि गाडीच्याच रंगात रंगवलेले बंपर. बाकी दोघींचे बंपर काळे. शिवाय मागे डिकीच्या दारावर चंदेरी अक्षरं. बेसला एक, मधलीला दोन, टॉपला तीन.

यातलं पॉवर स्टिअरिंग तेवढं समजून घ्या. उभ्या गाडीचं साधं स्टिअरिंग फिरवायचं म्हणजे जातं ओढायचं काम. खांद्यातून जोर लागतो. पॉवर स्टिअरिंगमध्ये एक पंप तेलाचा दाब तयार करतो आणि तो दाब तुमच्या हाताला मदत करतो. मग दोन बोटांनी गाडी वळते.

बेस ही खरं म्हणजे विकायला नसतेच, जाहिरातीला असते. किंमत तिची छापायची आणि ती वाचून आलेल्या माणसाला मधलीत बसवायचं. टॉप शोरूमच्या मधोमध, दिव्यांखाली. तिच्या शेजारी मधली कशी समजूतदार, घरंदाज दिसते. बेस मागच्या अंगणात ताडपत्रीखाली. फारच हट्ट धरला तर ताडपत्रीचा कोपरा उचलून दाखवायची, तीही तोंड पाडून.

या सगळ्या विद्येला एका माणसानं मला निरुत्तर केलं. नोएडाकडच्या गावातले एक चौधरी होते. त्यांच्या शेतातून सेक्टर निघाला होता. ते गाडी घ्यायला ट्रॅक्टरवरून आले, बरोबर भाऊबंद. डोक्यावर भलीमोठी पगडी. थेट टॉपमध्ये जाऊन बसले तर पगडी छताला लागून कपाळावर उतरली. बाहेर येऊन म्हणाले, "इसमें तो सिर झुकाना पड़ेगा. हम किसी के आगे झुके नहीं." मग त्यांनी मधलीत बसून पाहिलं, ताडपत्री काढून बेसमध्येही पाहिलं. प्रत्येकीत पगडी उतरली. मी सांगितलं, "चौधरी साहब, तीनों की छत एक ही है." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "छत एक, इंजन एक, पहिये चार. फिर तीन काहे की?" चड्ढाजी फोन आल्याचं निमित्त करून आत निघून गेले. चौधरी ट्रॅक्टरवर बसून परत गेले.

त्यांना उत्तर म्हणून एखादा शेजारी दाखवायला हवा होता. तीन प्रकार शेजाऱ्यासाठीच असतात. आमच्या सुट्या वस्तूंच्या काउंटरवर सगळ्यात जास्त खप कशाचा, तर त्या चंदेरी अक्षरांचा. बेस घ्यायची आणि मागे आणखी दोन अक्षरं चिकटवून न्यायची. आमचा इक्बाल मिस्त्री ती दोरी लावून अगदी सरळ रेषेत बसवायचा. अक्षरं वाढवून घेणारे शेकड्यांनी पाहिले. आहे त्यातलं एक अक्षर काढून टाका म्हणणारा माझ्या साऱ्या नोकरीत एकच भेटला, आणि तो आपला मराठी निघाला.

त्यांचं नाव दिगंबर साठ्ये. एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी. माणूस इतका सरळ की घरचा पंखाही सरकारी पंख्यासारखा हळू लावायचा. पत्नी नलूताई दिल्लीतल्या एका शाळेत गणित शिकवायच्या. दोघांनी गाझियाबादच्या बाजूला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि सरकारी क्वार्टर सोडलं. घर मोठं, हवा छान, पण शाळेच्या वेळेला पोचवणारी बस एकही नाही. साठ्यांची चार्टर्ड बस ऑफिसच्या वेळेची. नलूताईंपुढे दोनच वाटा होत्या, गाडी चालवत जायचं नाहीतर नोकरी सोडायची. त्यांनी ड्रायव्हिंग शिकून लायसन काढलं होतं. पण मग उजवा खांदा आखडला. वेणी घालायला हात वर जात नव्हता.

ते आले एका शनिवारी. आमच्याकडे शनिवारी शोरूममध्ये माश्या मारायच्या. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही, असं इकडे कडक पाळतात. शनिवारी फक्त केंद्र सरकारचे लोक यायचे, कारण त्यांना सुट्टी.

मी नलूताईंना अंगणात आधी मधली चालवायला दिली. फाटकापाशी वळवताना गाडी अर्ध्यातच अडकली. त्या दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लोंबकळल्या, चेहरा वेदनेनं पांढरा पडला. उतरल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मग मी टॉप दिली. त्यांनी अंगणाला एक फेरी मारली, दुसरी मारली, फाटकातून बाहेर पडून रस्त्यावरून वळसा घालून आल्या आणि रिव्हर्समध्ये आणून जागेवर लावली. काच खाली करून मला म्हणाल्या, "शशीताई, हिला तर फक्त कुठं वळायचं ते सांगायचं!"

"छान आहे," आत शोरूममधल्या टॉपच्या पुढच्या सीटवर बसून बघत साठ्ये म्हणाले. "पण ही नको."

"का?"

"बर्वेसाहेबांकडे मधली आहे."

बर्वेसाहेब म्हणजे त्यांचे डायरेक्टर. आपल्या मंडळाचे त्या वेळचे अध्यक्षही तेच. त्यांना मधली मीच विकली होती. सरकारी कचेरीत हे कुठं लिहिलेलं नसतं, पण सगळे पाळतात. साहेबाच्या खुर्चीवर टॉवेल असेल तर आपल्या खुर्चीवर टॉवेल टाकायचा नाही. साहेबाच्या मुलाला ब्याऐंशी टक्के पडले तर आपल्या मुलाचे नव्वद आठवडाभर सांगायचे नाहीत. आणि साहेबाकडे दोन अक्षरांची गाडी असेल तर तीन अक्षरांची घ्यायची नाही.

"मग मी राजीनामा देते," नलूताई म्हणाल्या. "त्याला पॉवर स्टिअरिंग लागत नाही."

"नलू, तसं नाही ग. मधली घेऊ, हळूहळू खांदा सुटेल."

एवढ्यात काचेच्या दारातून साक्षात बर्वेसाहेब आत आले. गाडी सर्व्हिसिंगला आणली होती त्यांनी. साठ्यांनी त्यांना पाहिलं, हात सीटखाली गेला, खटका ओढला गेला आणि पाठ धाडकन मागे पडून साठ्ये आडवे झाले. दिव्यांखालच्या त्या झगझगीत गाडीत केंद्र सरकारचा एक अधिकारी पडला होता आणि बाहेरून फक्त त्याचे गुडघे दिसत होते.

"अरे वा, नलूताई! साठ्ये कुठेत?"

"हे? इथंच होते आत्ता."

बर्वेसाहेब नेमके त्याच गाडीला टेकून उभे राहिले. पुढच्या बंपरवर बोटं वाजवत मला म्हणाले, "मिसेस साळवे, हे रंगवलेले बंपर म्हणजे निव्वळ दिखावा हं. ठोकायच्या वस्तूला रंग कशाला? माझ्या हाताखालच्या कुणी अशी गाडी घेतली तर मला त्याच्या समजुतीची शंका येईल." मी मान डोलावली आणि गुडघ्यांसमोर जाऊन उभी राहिले.

ते वर्कशॉपकडे गेल्यावर सीट उभी झाली. साठ्यांच्या कपाळावर घाम होता, पण डोळ्यांत चमक होती. म्हणाले, "साळवेबाई, टॉपच घेतो. पण ती मधली दिसली पाहिजे."

मी चड्ढाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसवून पाणी मागवलं. उन्हामुळे मला काहीतरी झालंय असं त्यांना वाटलं. पण गिऱ्हाईक पैसे टॉपचे देतंय म्हटल्यावर काम सुरू झालं. पांढऱ्या गाडीचे पांढरे बंपर इक्बालनं काळे केले. मागचा वायपर काढून त्या भोकाला रबरी बूच बसवलं. तिसरं अक्षर गरम पाण्याचं फडकं लावून सोडवलं. हिरव्या आकड्यांचं घड्याळ काही निघेना, तेव्हा त्याच्यापुढे बरोब्बर बसेल असा गणपती मी सुट्या वस्तूंतून निवडून दिला. इक्बाल गाडीभोवती फिरून म्हणाला, "मैडम, लोग गाड़ी को दूल्हा बनवाते हैं. ये साहब दूल्हे को बाराती बनवा रहे हैं."

नलूताई शाळेत जाऊ लागल्या. यमुनेच्या पुलावरच्या गर्दीला त्या घाबरत नसत. मला फोन करून सांगायच्या, "आज एका ट्रकवाल्यानं मला आधी जाऊ दिलं!" आवाजात अशी काही ऐट असायची की मलाच गाडी घ्यावीशी वाटे. आणि साठ्येही निश्चिंत होते. ऑफिसात कुणी गाडीचं विचारलं तर "आपली साधीच आहे" म्हणायचे.

जानेवारीत मंडळाची पानिपतला जायची वेळ आली. दरवर्षी आपण तिथल्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, जातो, फुलं वाहतो, कुणीतरी भाषण करतं, थंडीत कुडकुडत डबे खातो आणि परत येतो. त्या वर्षी बस होती आणि मागे पाच-सहा गाड्या. पोचल्यावर सगळे फुलं घेऊन रांगेत लागले. साठ्यांची गाडी बसच्या वाटेत आडवी राहिली होती, बस हॉर्न वाजवत होती. साठ्ये रांगेत पार पुढे. बर्वेसाहेब अध्यक्ष असल्यानं सगळी व्यवस्था आपल्या अंगावर घ्यायचे. "द्या इकडे किल्ली, नलूताई," म्हणाले, आणि नलूताई काही बोलायच्या आत गाडीत जाऊन बसले.

मी बसच्या पायरीवरून बघत होते. बर्वेसाहेबांनी गाडी चालू केली आणि आपल्या गाडीला लागतो तेवढा पुरा जोर स्टिअरिंगला लावला. गाडी गर्रकन वळली आणि थेट मुंगफलीच्या हातगाडीवर चालून गेली. मुंगफलीवाला तराजू टाकून भाषणाच्या मांडवात पळाला. ब्रेक लागला तेव्हा हातगाडी आणि बंपर यांच्यात एका शेंगेइतकं अंतर असेल. बर्वेसाहेब स्टिअरिंगकडे बघत बसून राहिले. मग त्यांनी ते उजवीकडे फिरवलं, डावीकडे फिरवलं, एका बोटानं फिरवलं.

परतीच्या वाटेवर ते भाषणाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत म्हणे. पुढच्या शनिवारी माझ्यासमोर हजर.

"मिसेस साळवे, एकच कंपनी, एकच मॉडेल, मागे दोन अक्षरं. साठ्यांचं स्टिअरिंग लोणी आणि माझं दगड. हा काय प्रकार आहे?"

"सर, हाताहातावर असतं."

"माझ्या हाताला काय झालंय?"

मग स्वतःच म्हणाले, "पुढच्या शनिवारी दोन्ही गाड्या इथं शेजारी उभ्या करा. मिस्त्रीला बोलवा. समोरासमोर तुलना होऊन जाऊ दे."

सोमवारी साठ्यांचा ऑफिसातून फोन आला. आवाज इतका खाली की आधी मला वाटलं लाइन खराब आहे. "साळवेबाई, सी.आर. लिहायचे दिवस आहेत." सी.आर. म्हणजे वरिष्ठानं वर्षातून एकदा आपल्याबद्दल गुपचूप लिहायचा शेरा. बढती त्याच्यावर. "माझी बढती यंदा होणार की नाही ते बर्वेसाहेबांच्या हातात आहे. गाडी परत घ्या आणि मला मधली द्या. शनिवारच्या आत."

"आणि नलूताई?"

मग म्हणाले, "ती समजून घेईल."

हे वाक्य मी शोरूममध्ये इतक्यांदा ऐकलं आहे की कंपनीनं ते माहितीपत्रकावर छापायला हरकत नव्हती. पण त्या दिवशी मला खरंच राग आला. मी म्हटलं, शनिवारच्या आत मधली मिळणार नाही. अंगणात तीन उभ्या होत्या.

शनिवारी दोन्ही गाड्या शेजारी लागल्या. पांढऱ्या, काळ्या बंपरच्या, दोन-दोन अक्षरांच्या, जुळ्या बहिणींसारख्या. बर्वेसाहेब आले, बरोबर बर्वेवहिनी. साठ्ये आले, नलूताई गाडी चालवत आल्या होत्या. इक्बालला मी दटावून ठेवलं होतं. त्यानं दोन्ही बॉनेटं उघडली. बर्वेसाहेब इंजिनातले जाणकार नव्हते, पण फाइलीत एखादं पान जास्त असलं तर ते त्यांच्या नजरेतून सुटत नसे. साठ्यांच्या इंजिनाशेजारी तेलाची एक छोटी बाटली होती. त्यांच्या गाडीत ती नव्हती.

"ये क्या है?"

इक्बालनं माझ्याकडे पाहिलं. "साहब, ये... ठंडे इलाक़े के लिए लगाते हैं."

"मैं कौन से गरम इलाक़े में रहता हूँ? इनसे दो किलोमीटर पर घर है मेरा!"

साठ्यांना ते सहन होईना. ते एकदम पुढे झाले आणि म्हणाले, "सर, कशाला एवढा त्रास? आपण अदलाबदल करू. माझी गाडी तुम्ही घ्या, तुमची मला द्या. कागदपत्रं साळवेबाई करून देतील."

"छे छे," बर्वेसाहेब म्हणाले. मग स्टिअरिंगकडे पाहून म्हणाले, "पण तुमचा आग्रहच असेल तर..."

"नलू, किल्ली दे."

नलूताईंनी किल्ली पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली. डाव्या हातानं अंबाड्यातला आकडा काढला, वाकल्या आणि पुढच्या बंपरवर ओढला. काळ्या रंगाची खपली निघाली, खाली लख्ख पांढरा दिसला.

"साहेब, ही टॉपची गाडी आहे," त्या म्हणाल्या. "माझा खांदा आखडलाय, मला जड स्टिअरिंग वळत नाही, म्हणून घेतली. आणि तुमच्याहून वरची दिसू नये म्हणून हिला काळं फासलं. मागच्या वायपरच्या जागी बूच आहे. गणपतीच्या मागे घड्याळ आहे. एवढं सगळं झालं तरी मी गप्प बसले, कारण मला शाळेत जायला मिळत होतं. आता गाडीच जाणार असेल तर मी कशापायी गप्प बसू?"

साठ्यांनी डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली. चड्ढाजी काचेच्या दाराआडून बघत होते, तेही काहीतरी पुटपुटत असावेत.

बर्वेसाहेबांनी गाडीभोवती एक सावकाश फेरी मारली. वाकून बंपर पाहिला. मागे जाऊन रबरी बूच बोटानं दाबून पाहिलं. दार उघडून गणपतीला आधी नमस्कार केला आणि मग त्याच्या मागे डोकावून घड्याळ पाहिलं. स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडूनही पाहिलं. मग साठ्यांसमोर येऊन उभे राहिले.

"साठ्ये, हे सगळं तुम्ही माझ्यासाठी केलंत?"

"हो सर. सॉरी सर."

बर्वेसाहेबांनी चष्मा काढला आणि पुसू लागले. आवाज चक्क भरून आला होता. "इतकी वर्षं नोकरी केली. माझा स्टेनो एक ओळ पुन्हा टाइप करताना दहा वेळा तोंड वाकडं करतो. शिपाई मला बघून स्टूलवरून उठतो, तोही अर्धाच. माझ्या हुद्द्याचा इतका मान आजवर कुणी ठेवला नव्हता हो."

"अहो, त्यांनी भीतीनं केलंय," बर्वेवहिनी म्हणाल्या.

"भीतीनं का होईना!"

नलूताईंकडे वळून ते म्हणाले, "गाडी तुमचीच. तुम्ही निर्धास्त शाळेत जा." साठ्यांच्या जिवात जीव आला. धीर करून त्यांनी विचारलं, "मग सर, बंपर पुन्हा पांढरे करून घेऊ?"

बर्वेसाहेबांनी विचार केला. पुष्कळ विचार केला. मग म्हणाले, "घाई काय आहे?"

साठ्यांच्या सी.आर.मध्ये त्यांनी काय लिहिलं ते मला कळायचं कारण नाही, पण बढती झाली. पेढे शोरूममध्येही आले. बर्वेवहिनींनी त्या उन्हाळ्यात नवऱ्याला न सांगता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, आणि एक दिवस माझ्याकडे येऊन टॉपच्या स्टिअरिंगवर नुसतीच बोटं फिरवून गेल्या.

नलूताई मात्र बढतीच्या पेढ्यांनंतर लगेचच, एका मंगळवारी दुपारी एकट्याच आल्या. शाळा सुटल्यावर थेट. शोरूम भरलेलं, अंगणात गाड्यांची दाटी. त्या गर्दीतून त्यांनी गाडी रिव्हर्समध्ये घेतली आणि एका दमात इक्बालच्या पुढ्यात आणून उभी केली.

"हे काळं काढायचंय," म्हणाल्या.

मला हसू आलं आणि थोडी काळजीही वाटली. बर्वेसाहेब अजून डायरेक्टर होते, साठ्ये अजून त्यांच्याच हाताखाली. मी विचारलं, "नलूताई, साठ्यांना विचारलंत का?"

इक्बालनं थिनरमध्ये फडकं बुडवलं होतं. ते त्याच्या हातून घेऊन, डाव्या हातानंच, त्यांनी बंपरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गाडी घेताना ह्यांनी मला एकच गोष्ट विचारली होती, रंग कुठला हवा. मी पांढरा सांगितला होता. तो मला अजून पुरता मिळालेला नाही."